हा शब्द कशाला ‘नाही’ म्हणतो?

पत्राचा सारांश : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या तीन विद्यार्थ्यांनी एकाच शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे आणि तिघांचीही शिफारसपत्रं मला इंग्रजीत लिहायची आहेत. अर्जात एक चौकट आहे : ‘विद्यार्थ्याचं तीन विशेषणांत वर्णन करा.’ त्याखाली पत्रासाठी जागा. पहिली एक मुलगी. भिंगाच्या प्रयोगाला अंधारी खोली मिळेना, तेव्हा तिनं पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवलं, त्याच्या तोंडावर जुन्या छत्रीचं काळं कापड सोडलं आणि भर दुपारी मेणबत्तीची उलटी प्रतिमा सगळ्या वर्गाला दाखवली. दुसरा मुलगा वर्षभर एकाच झाडाची वही ठेवतोय. कुणी सांगितलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी तीच फांदी काढतो आणि खाली ‘आज झाडानं काय केलं नाही’ ते लिहितो. तिसऱ्यानं प्रयोगशाळेतल्या फळीवर प्रत्येक उपकरणाची बाह्यरेषा रंगवली, त्यामुळे काय जागेवर नाही ते एका नजरेत कळतं. दोन वर्षं सगळे वर्ग तीच पद्धत वापरतात. मी तिघांनाही ‘क्रिएटिव्ह अँड इनोव्हेटिव्ह’ लिहिलं. वाचलं तर तिन्ही पत्रं एका साच्यातली वाटली. मग समानार्थी शब्दांचा कोश उघडून ओरिजिनल, नॉव्हेल, इन्व्हेंटिव्ह, इन्जीनियस हे शब्द तिघांत वाटून टाकले. त्यातल्या एका ठिकाणी भलताच शब्द पडल्याचं सहकाऱ्यानं दाखवून दिलं आणि आता माझा कुठल्याच शब्दावर विश्वास उरलेला नाही. तशा वह्या जगात कितीतरी जणांनी ठेवल्या असतील, मग या वहीला ओरिजिनल म्हणणं खोटं ठरेल का? एकाला भारी आणि दुसऱ्याला हलका शब्द गेला तर अन्याय होईल का? माझ्या तोकड्या इंग्रजीची किंमत मुलांनी का मोजावी?

ताई,

ते छत्रीचं काळं कापड माझ्या नजरेसमोरून हलत नाही. खिडक्यांतून ऊन आत आलेलं, आणि आडव्या खोक्यात डोकं खुपसून एकेक मूल ती उलटी ज्योत बघतंय. हे सगळं तुम्ही एका वाक्यात उभं केलंत आणि त्यात कौतुकाचं एकही विशेषण वापरलं नाहीत. मग इंग्रजी मसुदा सुरू झाला आणि कापड गेलं, खोकं गेलं, ज्योतही गेली. उरलं ‘क्रिएटिव्ह अँड इनोव्हेटिव्ह’. कुठला शब्द कुणाला, हे मी सांगणारच आहे. पण तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत, आधी त्यांच्याकडे बघू या.

पहिली तोकड्या इंग्रजीची. मला नाही वाटत अडचण तिथे आहे. या मुलीबद्दल मराठीत बोलताना तुम्ही सहज म्हणाल, ‘तिनं शक्कल लढवली.’ वहीवाल्या मुलाबद्दल ‘त्यानं शक्कल लढवली’ हे तुमच्या तोंडून निघणारच नाही. त्याच्याबद्दल म्हणाल, ‘त्याची बघायची नजर त्याची स्वतःची आहे.’ आणि फळीवाल्याबद्दल, ‘त्यानं प्रयोगशाळेची घडी बसवून दिली.’ तीन मुलांची ही तीन वेगळी कौतुकं तुम्हाला आधीपासून ठाऊक आहेत. इंग्रजीकडे जाताना ती वाटेत सांडली, कारण तिकडे पोचल्यावर तुम्ही मुलांकडे बघायचं सोडून कोशाकडे बघायला लागलात.

शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, हे दुखणं काही एकट्या इंग्रजीचं नाही. आपल्याकडचा ‘मौलिक’ बघा. त्याचं नातं मूळ या शब्दाशी. पण ‘मौलिक मार्गदर्शन’ म्हणताना बहुतेकांच्या मनात मूळ नसतं, मोल असतं. क्रिएटिव्हचं तिकडे तसंच झालंय. १९५० मध्ये मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून क्रिएटिव्हिटीवर भाषण केलं, तेव्हा त्यांची तक्रार होती की मानसशास्त्रानं या विषयाकडे जवळपास पाठ फिरवली आहे. आज हा शब्द शाळेच्या माहितीपत्रकापासून नोकरीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे आहे. हिशेबात केलेल्या लबाडीलासुद्धा इंग्रजीत ‘क्रिएटिव्ह अकाउंटिंग’ म्हणतात. शब्द वाईट नाही. मात्र दोनशे पत्रं वाचून थकलेल्या परीक्षकाला तो आता दिसतच नाही. मीही अशा निवडीच्या कामाला बसले आहे, त्यामुळे हे अनुभवानं सांगते.

आता कोशाबद्दल. समानार्थी शब्दांचा कोश नातेवाइकांची यादी देतो. कोण कुणाच्या जवळचं ते त्यात कळतं, पण कोण काय काम करतं ते कळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की तो कोश थोडा वेळ मिटून ठेवा आणि प्राथमिक शाळेतला साधा प्रश्न घ्या : विरुद्धार्थी शब्द लिहा. कौतुकाचा प्रत्येक शब्द कशाला तरी ‘नाही’ म्हणत असतो. तो कशाला नाही म्हणतो ते कळलं की तो कुणाला द्यायचा ते आपोआप कळतं. तुमच्या पत्रातले शब्द याच कसोटीवर घासून बघू.

ओरिजिनलपासून सुरुवात करते, कारण तुमच्या मनाला खरी टोचणी तिथे आहे. ओरिजिनलच्या समोर नक्कल उभी असते. ‘हे कुणाचं बघून केलेलं नाही’ एवढंच तो शब्द म्हणतो. लॅटिनमधल्या ‘उगवणं’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे. म्हणजे विचारायचं ते एवढंच, की ही गोष्ट उगवली कुठे? त्या मुलाच्या आत उगवली असेल, तर जगात आणखी हजार जणांकडे तशीच वही असली तरी ओरिजिनल म्हणायला कुणाची हरकत नाही.

कॉपीराइटच्या कायद्याला या प्रश्नाशी बराच झगडावं लागलं आहे. अमेरिकेतले न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९३६ मधल्या एका निकालपत्रात लिहिलं : इंग्रज कवी कीट्सची ‘ओड ऑन अ ग्रीशियन अर्न’ ही कविता ज्याला मुळीच माहीत नाही अशा माणसानं काही जादूनं तीच कविता नव्यानं रचली, तर तोही लेखकच ठरेल. म्हणजे शब्दन् शब्द तोच असला तरी चालेल, अट एवढीच की कुठून उचललेला नसावा. तुमच्या शंकेचं उत्तर यात आहे, ताई. ‘जगात पहिल्यांदाच’ हे ओरिजिनलचं ओझं नाही.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण तीही शिक्षकांच्या कामाची आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर टेलिफोन डिरेक्टरीचा खटला होता. नावं, गावं आणि नंबर वर्णानुक्रमानं लावलेली पानं. ती तयार करायला मेहनत लागली होती यात वाद नव्हता, पण न्यायालय म्हणालं की नुसत्या मेहनतीनं काही ओरिजिनल होत नाही, थोडीशी तरी स्वतःची सर्जनशीलता दिसायला हवी. मोत्यासारखं अक्षर आणि तारखेनिशी नोंदी असलेली वही कौतुकाला पात्र आहेच, पण तिच्यासाठी ओरिजिनल हा शब्द नव्हे. या मुलाच्या वहीत ‘आज झाडानं काय केलं नाही’ ही ओळ आहे. त्या ओळीमुळे तो शब्द त्याचा होतो. झाडाकडे बघून काय झालं ते सगळेच लिहितात, काय झालं नाही ते लिहायला तो स्वतःहून गेला.

एक छोटा खड्डा मात्र चुकवा. इंग्रजीत ‘ॲन ओरिजिनल आयडिया’ म्हणजे स्वतःची, वेगळी कल्पना आणि ‘द ओरिजिनल आयडिया’ म्हणजे सुरुवातीची, पुढे बहुधा बदललेली कल्पना. एका उपपदानं अर्थ फिरतो. ‘हिज ओरिजिनल नोटबुक’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की झेरॉक्स नव्हे, मूळ प्रत. म्हणून वहीऐवजी त्याच्या निरीक्षणाला किंवा विचार करण्याच्या रीतीला ओरिजिनल म्हणा.

नॉव्हेलला मी तुमच्या तिन्ही पत्रांतून रजा देईन. त्याच्या समोर ‘आधी माहीत असलेलं’ उभं असतं, आणि त्यापलीकडे त्या शब्दाला काही म्हणायचं नसतं. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी ‘नॉव्हेल कोरोनाव्हायरस’ हे शब्द रोज ऐकले. तिथे विषाणूचं कौतुक कुणी करत नव्हतं, पूर्वी न ओळखलेला विषाणू एवढंच त्यात होतं. हा थंड, मोजून मापून वापरायचा शब्द आहे. पद्धत, रेणू, उपाय यांना तो लागतो, माणसाला लावत नाहीत. शिवाय तो खरा ठरवायचा तर आधी कुणी केलेलं नाही हे तपासावं लागतं. पेटंट देताना नेमकं तेच तपासतात, आणि तिथे नावीन्य ही एक अट असते, तर ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ ही वेगळी. एखादी गोष्ट नवी असूनही त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी असेल, तर पेटंट मिळत नाही. बघा, कोशात शेजारीशेजारी बसलेले दोन शब्द कायद्यात दोन वेगळ्या दारांवर उभे आहेत.

आता इनोव्हेटिव्ह, ज्याच्यावर तुमच्या पहिल्या मसुद्याचा सगळा भार होता. त्याच्या समोर रूढ, चालत आलेलं उभं असतं. म्हणजे आधी एखादी बसलेली पद्धत हवी आणि ती या माणसामुळे हललेली हवी. हे समजायला त्या शब्दाचा भूतकाळ फार उपयोगी पडतो, कारण एके काळी तो चक्क आरोप होता. १५४८ मध्ये इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याच्या नावानं, इनोव्हेट करणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा निघाला. धर्माचरणाची ठरलेली रीत कुणी आपल्या मनानं बदलू नये, हा त्याचा मुद्दा. पुढे हेन्री बर्टन नावाच्या प्युरिटन धर्मोपदेशकानं बिशप मंडळींवरच इनोव्हेशनचा आरोप केला. त्या लिखाणाबद्दल १६३७ मध्ये त्याचे कान कापण्यात आले. शब्दाचा रंग वाइटाकडून चांगल्याकडे गेला, पण आतला अर्थ फारसा हलला नाही : ठरलेल्या व्यवस्थेत कुणीतरी बदल केला.

मला यासाठी मालवाहू कंटेनरचं उदाहरण आवडतं. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, तेव्हा त्यावर ॲल्युमिनियमचे ५८ मोठे खोके होते. कल्पना माल्कम मॅक्लीन या वाहतूकदाराची. मालासाठी खोका वापरणं नवं नव्हतं, जहाज नवं नव्हतं, क्रेनही नवी नव्हती. पण तोच खोका मालमोटारीवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा मालमोटारीवर, मधे न उघडता जायला लागला, आणि गोण्या पाठीवरून वाहून जहाज भरायची शतकानुशतकांची रीत पुढच्या काही दशकांत बंद पडत गेली. याला इन्व्हेंटिव्ह म्हणताना जीभ जरा अडखळते, पण इनोव्हेटिव्ह म्हणताना अजिबात अडखळत नाही.

तुमचा फळीवाला मुलगा या घरातला. अवजारांच्या बाह्यरेषा रंगवलेल्या फळ्या कारखान्यांत पूर्वीपासून असतात, असं कुणी तुम्हाला दाखवून दिलं तरी डगमगू नका. त्यानं ती कल्पना कुठे पाहिली असेल किंवा नसेल. तुमच्या प्रयोगशाळेत आधी उपकरणं हरवत होती आणि आता जागेवर असतात, आणि तो ज्या वर्गांना ओळखतसुद्धा नाही ते वर्ग दोन वर्षं त्याच्या पद्धतीनं चालतात. इनोव्हेटिव्हची अट इथे पुरेपूर भरते. मुलीच्या बाबतीत ती भरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा होती तशीच होती. ते खोकं अजून वापरात असेल आणि दरवर्षी भिंगाचा प्रयोग त्यातच होत असेल तर गोष्ट वेगळी, मग तसं जरूर लिहा.

मुलीसाठी शब्द आहे तो इन्जीनियस, तोच ज्याच्या जागी भलताच पडला. तो भलता म्हणजे इन्जेन्युअस असणार, कारण या जोडीत भलेभले फसतात. शेवटाला आय-ओ-यू-एस असेल तर शक्कलबाज, चतुर. यू-ओ-यू-एस असेल तर निष्पाप, भाबडा. तुम्ही चुकून लिहिलंत ते एवढंच, की मुलगी फार भोळी आहे. यात शरमेचं काही नाही. इंग्रजांनीच हे दोन शब्द शतकभर एकमेकांत मिसळले होते, आणि चातुर्य या अर्थाचं आजचं इंग्रजी नाम ‘इन्जेन्युइटी’ हे खरं तर भाबड्या शब्दाच्या घरून चतुर शब्दाकडे नांदायला आलेलं आहे. लक्षात ठेवायला एक खूण देते. इन्जीनियस आणि इंजिन एकाच लॅटिन मुळाचे. इंजिनात जसा आय, तसाच चतुर शब्दाच्या शेवटाकडेही आय.

इन्जीनियसच्या समोर सरधोपट उभं असतं. अडलेलं काम अनपेक्षित पण साध्या वाटेनं सुटलं की हा शब्द शोभतो. लुई ब्रेल पंधरा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, त्यानं आपली लिपी बेतली. उठावाचे ठिपके बोटांनी वाचायची कल्पना त्याची नव्हती. शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची पद्धत आधीच होती. पण बारा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत. ब्रेलनं ते सहावर आणले, आणि सहा ठिपक्यांच्या ६३ आकृत्यांत अक्षरं, विरामचिन्हं सगळं बसवलं. बोट न सरकवता एक अक्षर कळायला लागलं. वर्गात हे उदाहरण सांगून बघा, मुलांना या शब्दाचा नेमका अर्थ हातालाच लागेल.

मात्र इथे तुम्हाला निवड करावी लागेल. इन्जीनियस बहुधा उपायाचं कौतुक करतो, खोक्याचं आणि कापडाचं. माणसाचं कौतुक करायचं असेल तर रिसोर्सफुल जास्त जवळचा. त्याच्या समोर ‘आता काय करणार’ म्हणून हात टेकणारा उभा असतो. अंधारी खोली नाही म्हटल्यावर बाकीची मुलं प्रयोग पुढे ढकलायला तयार झाली असतील. ही मुलगी अडगळीकडे वळली. मी असते तर चौकटीत रिसोर्सफुल लिहिलं असतं आणि पत्रात खोक्याचं वर्णन करताना त्याला इन्जीनियस म्हटलं असतं.

उरलेल्यांचं थोडक्यात. इन्व्हेंटिव्हच्या समोर सुचणं आटलेला माणूस असतो, म्हणून तो सवयीचा शब्द आहे. एका प्रसंगावर तो उभा राहत नाही. या मुलीनं असे चार-पाच उपाय केलेले तुम्हाला आठवत असतील तर खुशाल द्या. इमॅजिनेटिव्ह हा जे समोर नाही ते मनात बघणाऱ्याला. त्याची गल्लत इमॅजिनरीशी करू नका, कारण ‘इमॅजिनरी स्टुडंट’ म्हणजे अस्तित्वातच नसलेला विद्यार्थी. आणि युनीक शक्यतो टाळाच. प्रत्येक मूल एकमेव असतंच, त्यातून परीक्षकाला काही कळत नाही.

आता तुमची दुसरी काळजी, भारी आणि हलक्या शब्दांची. तुम्ही तिघांना एकच शब्द दिलात तो न्यायबुद्धीनं दिलात, हे मला कळतं. वर्गात तीन मुलांना समान वागवण्याची तुमची सवय आहे, तीच लेखणीत उतरली. पण ही तिन्ही पत्रं एकाच टेबलावर, कदाचित एकामागोमाग वाचली जातील. खाली सही एकच. तिघांनाही तेच शब्द दिसले तर परीक्षक असा निष्कर्ष काढेल की या बाईंना मुलांमधला फरक दिसत नाही, किंवा त्या तयार मजकूर उतरवतात. म्हणजे समान शब्दांनी तिघांचंही समान नुकसान. शिवाय ओरिजिनल भारी आणि रिसोर्सफुल हलका ही उतरंड मला मान्यच नाही. ज्या कामात साधनं अपुरी असतात, आणि बहुतेक कामात असतात, तिथे माणसं रिसोर्सफुल सहकारीच शोधतात.

याच्या उलट टोकाला जाऊन, एकाच पत्रात एका मुलाला ओळीनं ओरिजिनल, इन्व्हेंटिव्ह, इनोव्हेटिव्ह असं लिहिण्याचा मोह होईल, शब्द पुन्हा नको म्हणून. तो आवरा. इंग्रजी वाचकाला वेगळा शब्द म्हणजे वेगळा दावा वाटतो, आणि प्रत्येक दाव्याचा पुरावा तो खालच्या मजकुरात शोधतो. एकच शब्द दोनदा आला तर काही बिघडत नाही.

चौकटीतल्या तीन विशेषणांसाठीही हेच. नवेपणाच्या कुळातला एकच शब्द घ्या, बाकीचे दोन दुसऱ्या कुळांतून आणा. मुलगी : रिसोर्सफुल, आणि तिनं प्रतिमा एकटीनं न बघता सगळ्या वर्गाला दाखवली म्हणून जनरस. तिसरं तुम्ही ठरवा, तुम्ही तिला ओळखता. वहीवाला : ओरिजिनल, ऑब्झर्व्हंट, पर्सिस्टंट. वर्षभर तीच फांदी काढायला चिकाटी लागते. फळीवाला : इनोव्हेटिव्ह, मेथॉडिकल, कन्सिडरेट, कारण दुसऱ्याला शोधाशोध करावी लागू नये हा विचार त्या रेषांमागे आहे. तीन विशेषणं एकाच अंगाची असली की मूल सपाट दिसतं, तीन अंगांची असली की उभं राहतं.

हे सदर वाचणाऱ्यांत स्वतःचाच अर्ज किंवा वार्षिक मूल्यमापन लिहिणारेही पुष्कळ असतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. स्वतःला इन्जीनियस किंवा ओरिजिनल म्हणवून घेणं इंग्रजीतही कानाला खटकतं. तिथे विशेषणाचं काम क्रियापदावर सोपवा. ‘इंट्रोड्यूस्ड’ म्हटलं की पद्धत बदलली हे आलं, ‘इम्प्रोव्हाइज्ड’ म्हटलं की हाताशी होतं त्यातून जमवलं हे आलं, ‘डिव्हाइज्ड’ म्हटलं की डोकं लढवलं हे आलं, ‘अडॅप्टेड’ म्हटलं की दुसऱ्याची कल्पना होती आणि ती तुम्ही आपल्या कामाला बेतली, हे प्रामाणिकपणे आलं. हा शेवटचा शब्द वापरायला लोक कचरतात. वास्तविक ब्रेलनं केलं ते हेच होतं.

ताई, तुमच्यासाठीही क्रियापदांचा मार्ग मोकळा आहे. मसुदा आधी मराठीत लिहा, अगदी मला लिहिलात तसा. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करा : झाकलं, दाखवलं, रंगवली, लिहितो. ती क्रियापदं तशीच साध्या इंग्रजीत न्या. विशेषण अगदी शेवटी, आणि तेही एखादंच. इंग्रजी व्याकरण तपासायला सहकाऱ्याला जरूर द्या, मात्र छत्रीचं कापड गाळायचं नाही असं आधीच सांगून ठेवा. अशी पत्रं सफाईदार करताना लोक नेमकं तेच पहिल्यांदा काढून टाकतात.

आणि वहीवाल्या मुलाचं पत्र पाठवण्याआधी त्याच्याकडून एका दिवसापुरती वही मागून घ्या. ‘आज झाडानं काय केलं नाही’ याखालच्या वर्षभराच्या नोंदी सावकाश वाचा. त्यातली एक तुम्हाला थांबवेल. ती त्याला विचारून, तारखेसकट, त्याच्याच शब्दांत पत्रात उतरवा आणि खाली तिचं साधं भाषांतर द्या.